कचऱ्याच्या फोटोंचं पालिकेचं ॲप, चार महिने वापरल्यावर

चार महिने झाले आमच्या पालिकेचं तक्रारीचं ॲप वापरतेय. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण उद्या परत त्याच मुकादमाशी गाठ आहे. काम सोपंय, कचरा दिसला की फोटो काढायचा, लोकेशन आपोआप चढतं, प्रकार निवडायचा (कचऱ्याचा ढीग, घंटागाडी आली नाही, मेलेलं जनावर वगैरे) आणि सबमिट. तक्रार नंबर लगेच मेसेजवर. इथपर्यंत झकास.

पहिली तक्रार आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीजवळच्या (विजेच्या पेटीजवळच्या) ढिगाची. सकाळी फोटो टाकला, संध्याकाळी 'निराकरण झाले' म्हणून मेसेज. खूश होऊन बघायला गेले तर ढीग जागच्या जागी आणि एक कुत्रं आरामात पिशवी फाडत बसलेलं. ॲपमध्ये त्यांनी लावलेला फोटो उघडला तर डीपी तोच, पण मागच्या बाजूने काढलेला! मागे कचरा कधी नव्हताच हो. तेव्हापासून फोटोत विजेच्या खांबाचा नंबर नाहीतर दुकानाची पाटी येईल अशीच उभी राहते आणि खोटं निराकरण आलं की तक्रार परत उघडते.

तिसऱ्यांदा उघडली तेव्हा मुकादमाचा फोन, "मॅडम, ॲपवर नका टाकू ना, मला व्हॉट्सॲप करा, अर्ध्या तासात उचलतो." आणि खरंच उचलतो! पण त्याच्याशी बोलताना कळलं की माझ्या प्रत्येक फोटोची बोलणी बसतात झाडणाऱ्या मावशींना. त्या सहाला झाडून जातात, लोक साडेसातला ऑफिसला जाता जाता गाडीवरून पिशवी भिरकावतात, आणि आठच्या फोटोत दिसतं काय तर मावशींनी झाडलं नाही. जाम वाईट वाटलं.

ॲपला फक्त ढीग कळतो, त्यात काय आहे ते नाही. कॅलिफोर्नियात जेफ किर्शनरने 2012 मध्ये लिटराटी नावाचा कचऱ्याच्या फोटोंचा उपक्रम सुरू केला, त्यात एकेका वस्तूचा जवळून फोटो काढून ती काय, कुठल्या ब्रँडची ते टॅग करतात. त्यातून एका शाळेतल्या पोरांना समजलं की आवारात सगळ्यात जास्त पडतात ती स्ट्रॉची वेष्टनं, आणि तीही त्यांच्याच कँटीनची. आपल्याकडे हे का नाही?

म्हणून मग दोन आठवडे बसस्टॉपवर मीच बसून बसून (अक्षरशः उकिडवं) जवळून फोटो काढले. लोक विचारायचे काय हरवलं का. निघालं काय, तर गुटख्याच्या पुड्या, ज्याला राज्यात 2012 पासून बंदी आहे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, आणि चहाचे कागदी कप, सगळे एकाच निळ्या फुलाच्या डिझाईनचे. टपरीवाल्याला फोनवर एकामागोमाग अकरा फोटो दाखवले. तो आधी म्हणाला "माझेच कशावरून", मग स्वतःच्या हातातल्या कपाकडे बघून हसला. दुसऱ्या दिवशी तेलाचा रिकामा डबा ठेवलेला. कप आता बऱ्यापैकी डब्यात जातात, पुड्या अजून तिथेच.

ॲपला तीन स्टार. एक स्टार त्या मागच्या बाजूच्या फोटोसाठी कापला, आणि एक यासाठी की पिशवी टाकणाऱ्याची तक्रार करायला त्यात प्रकारच नाहीये.