अंदमान सरकारी बोटीने आणि बसने: 5 पैकी 4 स्टार, एक का कापला तेही सांगते

अंदमान म्हटलं की आपल्याकडे सगळे पॅकेज घेतात. सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळचा लाइट अँड साऊंड शो, हॅवलॉक, नील, परत. त्यात वाईट काही नाही, आईबाबांना न्यायचं असेल तर मी पण तेच करीन. पण पाठीवर सॅक टाकून कमी पैशात फिरायचं असेल तर सगळा हिशोब सरकारी बोटीवर येऊन अडतो, म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः तिचाच, बाकीचं ओघात येईल.

पोर्ट ब्लेअरला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणायचं असलं तरी रिक्षावाल्यांच्या तोंडात अजून जुनंच नाव आहे, तसंच हॅवलॉक आणि नीलचं, कागदावर स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. बोट फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते. हॅवलॉकला प्रायव्हेट बोट दीड तासात पोचवते, सरकारी बोटीला साधारण अडीच तास लागतात आणि तिकीट निम्म्याच्या आसपास. आता अडीच तास ऐकून नाक मुरडू नका, कारण प्रायव्हेट बोटीत बहुतेक वेळा एसी लावून काचेआड बसवतात, समुद्राला आलोय की मॉलला तेच कळत नाही आणि लाटा असल्या की अर्धी बोट पिशव्या तोंडाशी धरून बसलेली असते. सरकारी बोटीत वर डेकवर जाता येतं. मी कठड्याला टेकून उभी होते, पुढच्या पाण्यातून उडणारे मासे सटासट निघत होते, मुठीएवढे, पंख ताणून चांगले लांबवर जाऊन परत आत. शेजारी एक बंगाली काकू, पायाशी भाजीची पोती आणि भोकं पाडलेलं खोकं, त्यातून कोंबडीच्या पिल्लांचा चिवचिवाट. बेटावर राहणाऱ्या लोकांची ही एसटीच आहे, आपण पाहुणे.

आता कापलेला स्टार. तिकिटं फार आधी मिळत नाहीत आणि सुटली की पटकन संपतात, बेटावरच्या लोकांना प्राधान्य असतं, आणि ते बरोबरच आहे, त्यांना दवाखान्यात जायचंय, आपल्याला फोटो काढायचेत. काउंटरवर सकाळी लवकर जाऊन रांग लावायची, आयडीची झेरॉक्स जवळ ठेवायची. हवा बिघडली की बोट रद्द, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीची बोट धरून प्लॅन करूच नका, मध्ये एक दिवस मोकळा सोडा. एकूण चारच दिवस हातात असतील तर सरळ प्रायव्हेट बोट घ्या, उगाच पैसे वाचवायला जाऊन सुट्टी जेट्टीवर घालवण्यात अर्थ नाही.

हॅवलॉकला उतरल्यावर लगेच टॅक्सी करू नका, जेट्टीवरून राधानगर बीचला सरकारी बस जाते. फेऱ्या कमी आहेत, परतीची वेळ ड्रायव्हरला विचारूनच उतरा. घड्याळ आपलंच पण बेटं पार म्यानमारच्या बाजूला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, सनसेट बघायचाय तर चारला तिथे पाहिजे. राहायला गोविंदनगर, विजयनगरकडे बांबूच्या झोपड्या मिळतात, गादी, मच्छरदाणी, पंखा, बास. माझ्या झोपडीच्या मच्छरदाणीला हात जाईल एवढं भोक होतं, मालकाला दाखवलं तर त्याने शांतपणे सेफ्टी पिन आणून दिली. खरा त्रास डासांचा नाहीच, वाळूतल्या बारीक माश्यांचा, सँडफ्लाय. दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी पाय खाजवून खाजवून लाल. खोबरेल तेल चोपडून वाळूवर बसा, आणि ओल्या वाळूत लोळू नका.

जेवण स्वस्तात हवं तर बाजारातल्या बंगाली खानावळी. भात, डाळ, भाजी, मोहरीतला मासा, भात मागाल तेवढा. बीचवरच्या कॅफेत पास्ता खायला एवढ्या लांब कशाला यायचं?

पण जंगल बघायचं असेल तर उत्तरेला जा, डिगलीपूरला. तिथे फार कमी मराठी लोक जातात आणि मला तर सगळ्यात जास्त तेच आवडलं. सरकारी बस पहाटे अंधारात निघते, पूर्ण दिवस जातो, कंबर मोडते. रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या नाक्यावर सगळ्या गाड्या थांबवून ठरलेल्या वेळी काफिल्यानेच सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. काही जण खिडकीला नाक लावून जारवा दिसतात का बघत बसतात ते मला फार खटकलं, माणसं आहेत ती. झाडं बघा ना त्यापेक्षा, गर्जन, पडौक, सरळ वर गेलेलं खोड आणि अंगावर वेलींची जाळी. पुढे मिडल स्ट्रेट या खाडीला बसच बोटीवर चढते, दोन्ही बाजूला खारफुटी.

डिगलीपूरला सॅडल पीक, 732 मीटर, अंदमान निकोबारमधलं सगळ्यात उंच शिखर. आकडा बघून सिंहगडवाल्यांना हसू येईल, पण चढण समुद्राच्या पातळीपासून आहे, सुरुवातीला किनाऱ्याने बरंच चालायचं आणि मग दमट जंगलात मुळांवरून चढायचं, टीशर्ट पिळून घाम निघतो. फॉरेस्टच्या चौकीवर नोंद करून पहाटेच निघा, पाणी भरपूर घ्या, पावसाळ्याच्या शेवटी गेलात तर जळवा. जवळच रॉस आणि स्मिथ, दोन बेटं मध्ये फक्त वाळूच्या पट्ट्याने जोडलेली, भरतीला तो पट्टा पाण्याखाली जातो. तिथे जायची बोट महाग पडते, जेट्टीवर थांबून चारपाच जण जमवा आणि वाटून घ्या.

बीचवर तंबू ठोकायचा विचार असेल तर विसरा, परवानगी नाही. मगरीच्या पाट्या लावल्यात तिथे पाण्यात उतरू नका, त्या शोभेसाठी नाहीत. मेलेलं कोरल किंवा शिंपले बॅगेत टाकू नका, विमानतळावर पकडतात. आणि रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून ठेवा, उत्तरेला नेटवर्क गेलं की यूपीआय पण गेलं, चहाचे पैसे द्यायला सुद्धा नोटच लागते.