टाकी नसलेला मिनी कम्प्रेसर आणि एअरब्रश : दहा महिने आणि कोल्हापूरचा एक पावसाळा

जुलैतला रविवार. पंचगंगा इशारा पातळीकडे चढत होती, पाऊस दोन दिवस थांबला नव्हता, आणि एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या छोट्या गननं, माझ्या सेंच्युरियन रणगाड्याच्या मॉडेलच्या टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) पाणी थुंकलं. हिरव्याचा शेवटचा हात चालू होता. फट् असा आवाज आला, ओल्या रंगात मोहरीएवढे खड्डे पडले आणि खालचा प्रायमर (अस्तराचा रंग) दिसायला लागला. १/७२ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याच्या मापात, मोहरीएवढा डाग म्हणजे खऱ्या रणगाड्यावर बशीएवढा. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

हा सेट मी डिसेंबरात ५,८०० रुपयांना घेतला. ०.३ मिमीचं नोझल, डबल अ‍ॅक्शन (हवा आणि रंग दोन्ही एकाच खटक्यावर), टाकी नसलेला पिस्टन कम्प्रेसर. बहुतेक जण सुरुवातीला असलाच घेतात, म्हणून बाकीचे आकडे सांगत नाही. मेपर्यंत मी जो भेटेल त्याला हाच घे म्हणून सांगत होतो. रंगाचा थर इतका पातळ बसतो की रिव्हेटही बुजत नाही. आवाज बंद दाराआड जेमतेम ऐकू येतो. सलग पंचवीस मिनिटं चालवला की अंग चटका बसेल इतकं तापतं, तेवढी विश्रांती द्यावी लागते.

डायोरामा, म्हणजे मॉडेलांचा छोटा देखावा, आहे भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरचा, सप्टेंबर १९६५. खेमकरणजवळच्या त्या लढाईत आपल्या ३ कॅव्हलरी रेजिमेंटच्या सेंच्युरियन उसाच्या आडोशाला दबा धरून होत्या, शेतांत पाणी सोडलेलं होतं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले. अब्दुल हमीद यांची जीपवरची १०६ मिमी रिकॉइललेस तोफही तिथलीच. रणगाडे आणि ऊस एकाच चित्रात! शेतावर वाढलेल्या माणसाला हा विषय सोडवेना. तीन मीटरचा ऊस १/७२ मध्ये चार सेंटिमीटर होतो. खरं पाचट कापून बघितलं, पण त्याच्या शिरा जाड दिसतात. शेवटी फुलझाडूच्या बारीक काड्या आणि पातळ कागदाच्या पट्ट्या यांवर जमलं. फुलझाडूचा तुरा मात्र काढून टाकायचा, सप्टेंबरात उसाला तुरा नसतो. मातीही आधी आपली काळी वापरली होती, ती खरवडली. पंजाबची गाळाची माती फिकट, राखट-पिवळी असते. चारशे ऊस ब्रशनं रंगवणं शक्य नाही, म्हणून तर एअरब्रश घेतला.

आता मुख्य मुद्दा, मॉइश्चर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर. या कम्प्रेसरला तो पंपाच्या अंगालाच बसवलेला आहे. टरेट खराब झाल्यावर मी ट्रॅपची वाटी काढून पाहिली, तर आत जेमतेम दोन थेंब. नळी झटकली तर पाणी ओट्यावर सांडलं! ट्रॅप कोरडा आणि नळी ओली, हे कोडं मला चार दिवस सुटेना.

विक्रेत्याला फोन केला. तीन वेळा केला. तिसऱ्या वेळी उत्तर मिळालं की दमट हवेमुळे झालेला बिघाड वॉरंटीत येत नाही, एसीच्या खोलीत वापरा. मला याचा खरंच राग आला. पावसाळा या देशात दर वर्षी येतो. इथं विकायची वस्तू इथल्या हवेत चालायला हवी.

उत्तर मिळालं बापट कॅम्पात, कुंभारांच्या वस्तीत. गणपतीचे दिवस जवळ आलेले, सगळीकडे रंगाच्या गन चालू. मूर्ती रंगवणाऱ्या एका मामांना नळी दाखवली. ते म्हणाले, "पंपाजवळ हवा गरम असतीया, तिथं पाणी कुठलं सुटतंय? नळीत गार झाली की सुटतंय. फिल्टर गनजवळ लाव की. आमच्या टाकीचं पाणी आम्ही रोज सकाळी काढतोय."

इतकं साधं. हवा दाबून एक तृतीयांश जागेत कोंबली की तिच्यात पहिल्याइतकी वाफ मावत नाही, जास्तीचं पाणी होतं. पण हवा गार झाल्यावरच. टाकी असेल तर ते पाणी टाकीतच साठतं. टाकी नसेल तर ते दोन मीटर नळीत सुटतं, म्हणजे ट्रॅपच्या पुढं. ट्रॅप चुकीच्या जागी आहे, एवढाच या यंत्राचा दोष, आणि कोल्हापुरात जून ते सप्टेंबर तो सगळ्या गुणांवर भारी पडतो.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, गेलो. सीएनसी मशीनवरून उतरवलेला जुना एअर फिल्टर ४५० रुपयांना मिळाला. त्याचे आटे पाव इंची, एअरब्रशच्या नळीचे एका सुताचे, म्हणजे त्याच्या निम्मे. एका टर्नरनं दहा मिनिटांत पितळी जोड काढून दिला, ८० रुपये. आता पंपापासून तीन मीटर नळी पाण्याच्या बादलीत गुंडाळून ठेवतो, मग फिल्टर, मग हातभर नळी आणि गन. पहिल्याच पावसाळी दुपारी तासाभरात फिल्टरच्या वाटीत चहाचा चमचाभर पाणी जमलं. हे सगळं माझ्या रणगाड्यावर पडणार होतं. त्यानंतर एकही थेंब उडालेला नाही.

जुलैत मी एक तारा देणार होतो. ते चुकीचं ठरलं असतं, पंप उत्तम आहे. दहा महिन्यांत दाब कमी झालेला नाही, सील शाबूत आहेत. नोझल मात्र नाजूक आहे, साफ करताना पिळलं की चिरतं. एक गेलं, ३५० रुपये. तरी पाच तारे देणार नाही. गनजवळ लावायचा छोटा ट्रॅप खोक्यात घातला असता तर त्यांचा किती खर्च वाढला असता? माझे ५३० रुपये गेले, एक टरेट गेलं आणि ते घासून पुन्हा प्रायमरपासून रंगवावं लागलं.

तीन तारे. टाकीवाला परवडत असेल तर तोच घ्या. हाच घेणार असाल तर फिल्टर आणि जोडाचे पैसे आधीच बाजूला काढा, आणि उद्यमनगरात जाताना नळी सोबत न्या, आटे तिथंच जुळवून मिळतात. माझा ऊस २१० लावून झालाय, १९० राहिलेत.