२१ जीन्सची ऑन्कोटाइप टेस्ट: ताईची केमो टळली तो अनुभव

ताई ५४ची. स्तनात दीड सेंटीमीटरची कॅन्सरची गाठ, ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठींत कॅन्सर नाही, हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा कॅन्सर), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे कॅन्सर वाढवणारं प्रोटीन, ते जास्त नाही). केमो होणारच असं आम्ही धरून चाललो होतो, ताईने तर केसही आधीच बारीक कापून घेतले होते. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले थांबा, आधी ऑन्कोटाइप करू.

यात परत सुई नाही, बायोप्सी नाही. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात, तोच लॅबला जातो. मी हातात घेऊन बघितला, काडेपेटीपेक्षा लहान, पांढऱ्या मेणात करडा ठिपका, बस्स. त्यातले २१ जीन्स किती ॲक्टिव्ह आहेत ते मोजून ० ते १०० मधला स्कोअर देतात, त्यावरून कॅन्सर शरीरात दुसरीकडे उलटायचा धोका किती आणि केमोने फायदा होईल का ते कळतं.

ताईचा १७ आला. डॉक्टरांनी टेलर-एक्स ट्रायल समजावून सांगितली, १०,२७३ बायका, निकाल २०१८चा. ११ ते २५ स्कोअरवाल्यांमध्ये कोणाला केमो आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या, कोणाला नुसत्या गोळ्या हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, आणि ९ वर्षांनी दोन्हीकडचे निकाल जवळपास सारखेच. माझ्या डोक्यातून ते जातच नाही, आपल्याला केमो मिळणार की नाही हे आपल्या हातात नाही हे माहीत असून त्या बायका हो म्हणाल्या, म्हणून आज माझ्या बहिणीला केमो लागली नाही. मी मनापासून त्यांची ऋणी आहे.

पण हे सगळ्यांना लागू नाही हं. पन्नाशीच्या आतल्या बायकांना १६ ते २५ स्कोअरला केमोचा थोडा फायदा दिसला होता, म्हणजे हाच १७ चाळिशीतल्या बाईला आला असता तर डॉक्टरांनी वेगळा विचार केला असता. ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-टू दोन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्हसाठी ही टेस्ट नाहीच.

एक स्टार कापला तो टेस्टमुळे नाही, ब्लॉक मिळवताना जे झालं त्यामुळे. पॅथॉलॉजीवाल्यांनी ११ दिवस फिरवलं, कधी सही नाही, कधी साहेब नाहीत, आणि इकडे ताई रोज विचारायची, गेला का गं ब्लॉक? म्हणून सांगते, टेस्टचा विषय निघाला की त्याच दिवशी ब्लॉकसाठी लेखी अर्ज देऊन टाका.

रेडिएशन झालं, आता लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी चालू आहे, सकाळी उठताना गुडघे धरतात तिचे. केस मात्र खांद्यापर्यंत आलेत.

४/५