‘ओरिजनल स्टॉक’ म्हणून विकलेले गेल्या शतकातले टायर

बुलेटचा ३.२५-१९ (रुंदी आणि रिमचा व्यास, इंचांत) टायर नागपुरात सहज मिळतो. आरएक्स १००चे पुढचा २.५०-१८ आणि मागचा २.७५-१८ हेही मिळतात. जावा २५० आणि तिच्याच साच्यातल्या जुन्या येझदीला मात्र पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१६ लागतो. ही साईज मागितली की दुकानदार मान हलवतो, आणि फसवणूक नेमकी इथूनच आत शिरते.

शहरातल्या एका जावावाल्याला जूनअखेर टायर हवे होते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, त्याआधी गाडी रस्त्यावर आणायची घाई. विक्रेत्याने पिवळ्या कागदी पट्टीत गुंडाळलेली जोडी काढली. “भाऊ, ओरिजनल माल आहे. असा टायर आता बनून नाही राहिला.” वाक्य खरं धरू. बनत नाही, म्हणजे जो समोर आहे तो जुना आहे, एवढं मात्र त्या घाईत लक्षात आलं नाही. चालू साईजच्या नव्या टायरच्या दुपटीहून जास्त भाव, वर फिटिंग फुकट, आणि कच्च्या चिठ्ठीवर फक्त ‘टायर २ नग’.

आठ दिवसांत पाऊस लागला. वर्धा रोडवर सिग्नलला तिशीच्या वेगात ब्रेक दाबला आणि मागचं चाक साबणावर गेल्यासारखं सरकलं. आधी संशय ब्रेकवर गेला. ड्रम उघडला, लायनर ठीक. मग पंक्चर झालं तेव्हा खरं काय ते कळलं. पंक्चरवाल्याने टायर काढायची लोखंडी पट्टी (लिव्हर) घालताच टायरच्या रिमवर बसणाऱ्या आतल्या कडेचे, म्हणजे बीडचे, तुकडे पडले. चेनकव्हरकडच्या बाजूला अंगठ्याएवढा चट्टा सँडपेपरने घासलेला होता. पुढच्या टायरवर तसं घासायचं राहून गेलं होतं. तिथे तीन आकडे होते: १८७.

हे तीन आकडे समजून घ्या. २०००पासून उत्पादनाची तारीख चार आकड्यांत येते: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. त्याआधी तीनच आकडे असत, दोन आठवड्याचे आणि एक वर्षाचा. १८७ म्हणजे अठरावा आठवडा, वर्ष १९९७ किंवा १९८७. दोन्हीपैकी कुठलंही असलं तरी टायर बादच. विक्रेता याला ‘बॅच नंबर’ म्हणतो. तारखेच्या जागी तीन आकडे दिसले, की पुढचं काही ऐकायची गरज नाही.

टायर न वापरताही म्हातारा होतो. ऑक्सिजन रबराला कडक करत जातो, ओझोन वरून भेगा पाडतो, त्यातलं मऊपण टिकवणारं तेल हळूहळू निघून जातं, आणि उष्णतेने हे सगळं वेगाने होतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, टिनाच्या शेडखाली पडलेल्या मालाचं काय होत असेल ते नागपूरकराला सांगायला नको. कोरड्या रस्त्यावर असा टायर बरा वाटतो, ओल्यावर पकड सोडतो. टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासा आणि दहा वर्षांनी नक्षी शाबूत असली तरी काढा.

टायरवरचे ते बारीक रबरी केस आणि मधली साच्याची रेघ पाहून लोक फसतात. त्यावरून टायर रस्त्यावर चाललेला नाही एवढंच कळतं, ताजा आहे हे नाही. तपासायचं ते असं. पांढरं फडकं घासा. काळा चकचकीत थर फडक्यावर आला तर पॉलिश मारलेलं आहे. मग दोन्ही हातांनी टायर उलटा वाकवून नक्षीची खाच उघडा आणि खाचेच्या तळाशी उन्हात पाहा. केसासारख्या भेगा तिथे आधी दिसतात. नखाने दाबा, ताज्या रबरात नख थोडं रुततं आणि खूण भरून येते, म्हाताऱ्या रबरावर नख घसरतं. तपकिरी छटा मात्र दोष समजू नका, ते ओझोनरोधक रसायन वर येतं. शेवटी आत हात घाला. ट्यूबच्या घासणीचे पट्टे, गंजाची पूड किंवा बीडवर लिव्हरचे ओरखडे असतील तर तो टायर कोणाच्या तरी रिमवर बसून आलेला आहे.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. गुळगुळीत टायरला तापलेल्या पात्याने नवी खाच पाडतात. टायरच्या बाजूच्या भिंतीवर टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची आडवी पट्टी असायला हवी. पट्टी मध्येच कापलेली असेल तर टायर कोरलेला आहे. कोरताना आतला नायलॉनचा धागाही उघडा पडतो, आणि भरधाव गाडीला असा टायर फुटतो. ट्यूबचंही तेच, शंखजिरं लावून जुनी ट्यूब नवी म्हणून देतात. व्हॉल्व्हच्या बुडाशी ताणून भेगा दिसतात का पाहा.

भारतात विकायच्या दुचाकी टायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६२७ हा क्रमांक असतो. त्या चिन्हाजवळचा लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहता येतो.

जावावाला परत गेला तेव्हा उत्तर मिळालं, “हा आपला मालच नाही.” चिठ्ठीवर ना साईज, ना तारखेचे आकडे, भांडायचं कशावर? पक्कं बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणून बिलावर साईज आणि तारखेचे आकडे लिहून घ्या, आणि टायर रिमवर चढायच्या आधी ते आकडे आणि बिल एकाच फोटोत घ्या. बसवताना आकड्यांची बाजू चेनकव्हरच्या उलट ठेवायला सांगा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र बाणाप्रमाणेच बसवा.