भाजणीच्या वहीतला कल: लघुतम वर्ग पद्धत घ्यावी की थाइल-सेन?

इंदूरच्या रामबागेत आणि आसपासच्या मराठी घरांतून भाजणी, मेतकूट, चकली विकणाऱ्या गृहउद्योगांना दर महिन्याला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे पुढच्या महिन्यासाठी धान्य किती भाजायचे. वहीतले विक्रीचे आकडे एक्सेलमध्ये भरले की ‘स्लोप’ हे सूत्र क्षणात वाढीचा दर काढून देते. हे सूत्र लघुतम वर्ग पद्धतीवर चालते. त्याच्या उत्तरावर विसंबून पिंपभर भाजणी करून ठेवण्याआधी ही पद्धत आणि थाइल-सेन पद्धत शेजारी ठेवून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून आकडे सोपे घेऊ. एप्रिल ते सप्टेंबर विक्री २०, २२, २४, २६, २८ आणि ३० किलो झाली, म्हणजे दरमहा २ किलोंची वाढ. मग ऑक्टोबरात दिवाळी आली आणि ३२ ऐवजी ७४ किलो भाजणी गेली. लघुतम वर्ग पद्धत या सात बिंदूंमधून अशी रेषा काढते, की बिंदूंच्या रेषेपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी यावी. वर्ग केल्यामुळे २ किलोंच्या फरकाचे ४ होतात, पण ४२ किलोंच्या फरकाचे १७६४ होतात, आणि रेषा त्या एका महिन्याकडे ओढली जाते. उत्तर येते दरमहा ६.५ किलोंची वाढ आणि नोव्हेंबरचा अंदाज ५८ किलो.

थाइल-सेन पद्धतीत कोणत्याही दोन महिन्यांच्या प्रत्येक जोडीचा उतार, म्हणजे त्या दोहोंमधली दरमहा वाढ, काढून त्या सगळ्या उतारांचा मध्यक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतात. इथे २१ जोड्या होतात. त्यांपैकी १५ जोड्यांचा उतार २ येतो आणि ऑक्टोबर असलेल्या सहा जोड्यांचा त्याहून जास्त. मध्यक २ राहतो आणि नोव्हेंबरचा अंदाज ३४ किलो येतो. मागच्या तीन महिन्यांची सरासरी काढली तर ती ४४ सांगते. पण विक्री वाढती असताना सरासरी नेहमी मागे पडते, म्हणून तिचा विचार इथेच सोडतो.

उडी कोणत्या महिन्यात आली यालाही महत्त्व आहे. हीच ४२ किलोंची उडी ऑक्टोबरऐवजी मधल्या जुलैत आली असती, तर लघुतम वर्ग पद्धतीनेही उतार २ च आला असता, फक्त सगळी रेषा ६ किलोंनी वर सरकली असती. टोकाचा महिना रेषेला फिरवतो. अंदाज बांधणाऱ्याचे लक्ष नेमके ताज्या महिन्यावर असल्याने ही गोष्ट विसरून चालत नाही.

फ्रेंच गणिती लेजांद्र यांनी १८०५ साली लघुतम वर्ग पद्धत प्रसिद्ध केली ती धूमकेतूंच्या कक्षा ठरवण्यासाठी, आणि जर्मन गणिती गाउस यांनी १८०९ साली ती ग्रहांच्या गतीवरील ग्रंथात मांडली. तिथे चुका निरीक्षणाच्या असत, लहान असत आणि दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असत. आकडे असे विखुरलेले असतील तर आजही हीच पद्धत घ्यावी. थाइल यांनी १९५० साली सुचवलेल्या आणि प्रणवकुमार सेन यांनी १९६८ साली पुढे नेलेल्या पद्धतीत मात्र सुमारे २९ टक्के आकडे बिघडले तरी उतार हाताबाहेर जात नाही. तिची अडचण मेहनतीची आहे: २४ महिन्यांच्या २७६ जोड्या होतात आणि एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही.

म्हणून ७४ हा आकडा आला कुठून, हे आधी विचारावे. वहीत ३४ चे ७४ लिहिले गेले असतील, किंवा एखाद्या लग्नघराने एकदाच मोठी मागणी दिली असेल, तर थाइल-सेन घ्यावी. दिवाळी मात्र चूक नव्हे. ती दरवर्षी येणार आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करणारी पद्धत पुढच्या दिवाळीत भाजणी कमी पाडेल. अशा वेळी लघुतम वर्ग पद्धतच पुन्हा उपयोगी पडते: दिवाळीच्या महिन्यापुढे १ आणि बाकी महिन्यांपुढे ० असा वेगळा स्तंभ जोडून एक्सेलचे ‘लिनेस्ट’ सूत्र वापरले, की नेहमीची वाढ २ किलो आणि दिवाळीची भर ४२ किलो अशी फोड मिळते. ही सोय माझ्या मते निर्णायक आहे.

मात्र एकाच दिवाळीवरून आलेले ४२ म्हणजे त्या एका वर्षाची गोष्ट. निदान तीन दिवाळ्यांचे आकडे हाती येईपर्यंत त्यावर उधारीने धान्य भरू नये. शिवाय २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि २०२५ साली दिवाळी ऑक्टोबरात आली. भाजणी सणाच्या आधी जाते, म्हणून या दोन महिन्यांची नोंद आठवडावार ठेवावी आणि १ हा आकडा भाजणी खरोखर गेली त्या आठवड्यांपुढे लिहावा.