रात्री बारा ते पहाटे सहा : मराठी वाहिन्यांच्या रात्रपाळीचं परीक्षण

मराठी टीव्हीवर लिहायचं म्हणजे संध्याकाळी सात ते रात्री साडेदहावर लिहायचं, असा रिवाज पडला आहे. बारानंतरचे सहा तास, म्हणजे दिवसाचा अख्खा चौथा हिस्सा, कुणी हिशेबातच धरत नाही. पण त्या वेळी बघणारे असतात. दुसरी पाळी संपवून साडेबाराला घरी टेकलेला एमआयडीसीतला कामगार असतो. शेतीची थ्री-फेज लाईन रात्रीची असेल त्या आठवड्यात मोटर चालू करायला जागा असलेला शेतकरी असतो. झोप उडालेले म्हातारे असतात. केबलचं किंवा डीटीएचचं भाडं हे लोक इतरांइतकंच भरतात. त्या भाड्यात रात्री त्यांच्या पदरात काय पडतं, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. चित्रपट वाहिन्या रात्री दिवसापेक्षा चांगल्या. मालिकांच्या वाहिन्या चालून जातात. वृत्तवाहिन्या नाराज करतात. टेलीशॉपिंग बघा, पण फोन लावू नका.

रात्र कशी भरली जाते, ते आधी समजून घेतलं पाहिजे. वाहिनीचं वेळापत्रक, म्हणजे एफपीसी, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांचं असतं. कायद्याने तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते: १० मिनिटं व्यापारी आणि २ मिनिटं वाहिनीची स्वतःची, म्हणजे प्रोमो. अर्ध्या तासाला सहा मिनिटं जाहिरात गेली की उरतात चोवीस. मालिकेचा भाग साधारण वीस-बावीस मिनिटांचा, त्यात ‘मागील भागात’, शीर्षकगीत आणि ‘पुढील भागात’ धरलं की खण बरोब्बर भरतो. रात्री साडेआठला हे गणित जुळतं, कारण जाहिरातीची वेळ, धंद्याच्या भाषेत एफसीटी, विकलेली असते. रात्री दीडला तोच भाग परत लावला की एफसीटीला गिऱ्हाईक नसतं आणि खणात सहा मिनिटांचं भोक पडतं.

ते बुजवायचे तीन मार्ग. पहिला, बोनस स्पॉट. मोठ्या जाहिरातदाराने प्राइम टाइमला भरपूर वेळ घेतला, की वाहिनी रात्रीचे काही स्पॉट वर फुकट घालते. पहाटे तीनला महागड्या गाडीची जाहिरात लागते ती अशी. ती कुणी पहाटे तीनसाठी विकत घेतलेली नसते. महिनाअखेरीला जाहिरातदाराला जे टेलिकास्ट सर्टिफिकेट जातं, त्यात मात्र ती मिनिट-सेकंदासह नोंदलेली असते. दुसरा मार्ग, प्रोमोवर प्रोमो. तिसरा, पुढचा कार्यक्रम वर सरकवणं. हा तिसरा मार्ग प्रेक्षकाला सगळ्यात जास्त त्रास देतो. सेट-टॉप बॉक्सवरची यादी एक वाजताचा कार्यक्रम एक वाजताच दाखवत राहते आणि प्लेआउटची, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या यंत्रणेची, प्लेलिस्ट मात्र दहा-बारा मिनिटं पुढे पळालेली असते. रात्रीचं रिपीट रेकॉर्डला लावायचं असेल तर दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपासून आणि नंतर दहा मिनिटं जास्त लावा, नाहीतर सुरुवातच कापली जाईल.

रिपीटबद्दल कुरकुर करणाऱ्यांशी आमचं पूर्ण जमत नाही. वाहिनी निर्मात्याला पैसे मोजून मालिका बनवून घेते आणि हक्क स्वतःकडे ठेवते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्यांदा दाखवायचा खर्च जवळपास शून्य. साडेबाराला घरी येणाऱ्या माणसासाठी तेच पहिलं प्रक्षेपण असतं. तक्रार आहे ती क्रमाबद्दल. अनेकदा संध्याकाळच्या सगळ्या मालिकांचं रिपीट उलटसुलट लावलं जातं. साडेआठची मालिका पावणेदोनला, साडेसातची अडीचला. संध्याकाळच्याच क्रमाने पट्टा लावला तर ‘माझी मालिका किती वाजता’ हे पाळीवरून येणाऱ्याला पाठ होईल. त्याला एक रुपया जादा लागत नाही.

मग एवढंही का होत नाही? याचं उत्तर मोजणीत आहे. बार्क ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था देशभरातल्या पन्नास हजारांहून अधिक घरांत मीटर लावून, वाहिनीच्या आवाजात मिसळलेल्या खुणेवरून कोण काय बघतंय ते नोंदवते. संध्याकाळी आठला त्यातली मराठी घरं चिक्कार असतात, म्हणून आकड्याला अर्थ असतो. पहाटे तीनला टीव्ही चालू असलेली मराठी घरं इतकी थोडी उरतात, की एखाद्या घरात बाळ रडून टीव्ही लागला तरी आकडा हलतो. असल्या आकड्यावर कुणी प्रयोग करत नाही आणि प्रयोग नाही म्हणून आकडा वाढत नाही. खरं तर वाहिन्यांच्या स्वयंनियमनाच्या संहितेत रात्री ११ ते पहाटे ५ हा काळ प्रौढ, गंभीर आशयासाठी मोकळा ठेवलेला आहे. हिंसा, लैंगिकता, व्यसन यांवरचं नीट काम तिथे दाखवता येतं. मराठीत ती खिडकी जवळपास बंदच आहे, आणि याचं वाईट वाटतं.

चित्रपट वाहिन्यांचं गणित उलटं चालतं आणि प्रेक्षकाच्या फायद्याचं होतं. चित्रपटाचे उपग्रह हक्क, म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क, ठरावीक वर्षांसाठी आणि अनेकदा ठरावीक वेळा दाखवण्यासाठी, म्हणजे ‘रन’ मोजून घेतात. जिथे रन अमर्याद असतात तिथे रात्रीचा खेळ वाहिनीला फुकट पडतो. सव्वादोन तासांचा चित्रपट दुपारी तीन तासांचा खण खातो. रात्री एकला तोच अडीच तासांत आटोपतो, कारण ब्रेक कमी आणि आखूड. झी टॉकीज, झी चित्रमंदिर, प्रवाह पिक्चर यांसारख्या वाहिन्यांवर ज्यांना सलग चित्रपट बघायचा आहे त्यांनी बारानंतरचाच खेळ धरावा. एक दोष आहे: रात्री नऊचा चित्रपटच पुन्हा रात्री बाराला लावायची सवय. चित्रपटांचा साठा मोठा असताना हा निव्वळ आळस आहे.

आता टेलीशॉपिंग. वाहिनी इथे कार्यक्रम दाखवत नाही, वेळ भाड्याने देते. अर्धा तास विकत घेणारा स्वतःची तयार फाईल पाठवतो, एमसीआरमधला, म्हणजे मुख्य नियंत्रण कक्षातला, माणूस ती प्लेलिस्टमध्ये टाकतो. कार्यक्रम बनवायचा खर्च नाही, वर भाडं हातात. विकणाऱ्याला टीआरपीशी देणंघेणं नसतं. तो फोन मोजतो. प्रत्येक वाहिनीला, कधी कधी प्रत्येक खणाला, वेगळा नंबर दिलेला असतो. कोणत्या नंबरवर किती ऑर्डर आल्या ते सकाळी कळतं आणि ज्या खणाचे फोन भाड्याला पुरत नाहीत तो आठवड्यात सोडला जातो. पडद्यावरचा नंबर वाहिनीगणिक बदलतो तो याचसाठी.

अर्ध्या तासाची ती फाईल नीट बघितली तर तिचे तीन सारखे तुकडे दिसतात, प्रत्येकी आठ-नऊ मिनिटांचे. प्रत्येक तुकड्यात तेच: आधी घरातली अडचण, मग प्रात्यक्षिक, मग दोन-तीन समाधानी गिऱ्हाईकं, मग ‘बाजारात एवढ्याला, पण आज फक्त’ आणि शेवटी नंबर. रात्री प्रेक्षक मधूनच येतो, म्हणून कुठल्याही क्षणी आला तरी आठ मिनिटांत पूर्ण चक्र त्याच्यावरून जावं, अशी ही बांधणी. धंद्याची कारागिरी म्हणून ती चोख आहे हे मानलंच पाहिजे.

भाजी कापायच्या यंत्राचं उदाहरण घ्या. पडद्यावर कांदा, काकडी, गाजर एका मापाचे, सोललेले, कडक. बाई हलक्या हाताने दाबतात आणि चौकोनी तुकडे भराभर खाली पडतात. घरचा पावसाळी कांदा मऊ असतो, त्याचा मधला थर जाळीत अडकतो, जोर दिला की प्लास्टिकची बिजागरी वाकते. पातं बोथट झालं की सुटं पातं मिळत नाही, कारण ते यंत्र दुकानात येतच नाही. मागवायचंच असेल तर फोनवर तीन गोष्टी विचारा: सुटं पातं वेगळं मिळतं का, परत कुठल्या पत्त्यावर पाठवायचं, आणि परतीचं कुरिअर कोण भरणार. उत्तर गोलमाल आलं तर तिथेच ठेवा. पार्सल ‘पैसे द्या मग उघडा’ असंच येतं, तेव्हा उघडताना मोबाईलवर न थांबवता व्हिडिओ घ्या, सुरुवात पत्त्याच्या चिठ्ठीपासून. खोक्यावर एमआरपी, उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पत्ता आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असलाच पाहिजे. यातली एखादी गोष्ट जरी नसेल तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर, फोन करा.

औषधं आणि कवचं यांच्यावर मात्र मागवायचं की नाही हा प्रश्नच नको. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा बरा करतो किंवा उंची वाढवतो अशी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने बंद आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतला नियम ७ चमत्कारी गुणांचा दावा करणारी जाहिरात नाकारतो. आणि ५ जानेवारी २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, चमत्काराचा दावा करून टीव्हीवर यंत्रं-तावीज विकणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवलं. इतकं स्पष्ट असताना पहाटे चारला, आजारी माणूस सगळ्यात खचलेला असतो त्या वेळी, अशी जाहिरात चालवणं हा गुन्हाच आहे, आणि वेळ भाड्याने दिली म्हणून वाहिनीचे हात स्वच्छ राहत नाहीत.

तक्रार करणं अवघड नाही. वाहिनीचं नाव, तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ लिहा, पडद्याचा फोटो काढा. वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पाठवा. २०२१ च्या नियमांनुसार २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळायला हवा. नाही पटला तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियमन संस्थेकडे अपील. प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग वाहिनीला ९० दिवस ठेवावं लागतं, म्हणून तीन महिन्यांच्या आत हलायचं.

आवाजाचं दुखणंही टेलीशॉपिंगच्या या फाईलींमुळेच. मालिकेचा आवाज चढउताराचा असतो, बाहेरून आलेल्या फाईलचा आवाज दाबून एकसारखा चढवलेला. प्लेआउटवर पातळी बांधणारं यंत्र नसेल तर रात्री दोनला घरभर दचकायला होतं. जाहिरातीचा आवाज अति मोठा नसावा, हेही नियम ७ मध्येच आहे. तो पाळला जाईपर्यंत टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू करा, निम्मा त्रास जातो.

वृत्तवाहिन्यांकडून अपेक्षा सर्वांत जास्त, म्हणून निराशाही तिथेच. शेवटचं थेट बातमीपत्र साधारण मध्यरात्रीच्या आगेमागे संपतं; मग मुलाखती, गुन्हेकथा, दिवसभराच्या चर्चा यांचं रेकॉर्डिंग फिरत राहतं. खाली पट्टी धावते, पण तिच्यातली बातमी संध्याकाळची असते आणि ‘आज’ हा शब्द बारा वाजून गेल्यावर खोटा झालेला असतो. पाचनंतर प्रायोजित ज्योतिष. महाराष्ट्रात बातमी रात्री घडते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी उरकला. अशा वेळी रेकॉर्डिंग तोडून थेट जायला एक निवेदक, एक निर्माता, पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, एक तंत्रज्ञ आणि थेट चित्र पाठवणारं बॅकपॅक घेतलेला एक प्रतिनिधी एवढे चार जण पुरतात. ते ठेवणं जमत नसेल तर निदान पट्टी बदलणारा एक माणूस आणि दर तासाला पाच मिनिटांचं ताजं बातमीपत्र ठेवावं.

गावोगावच्या केबल चॅनलवर रात्री एक चित्रपट पेनड्राइव्हवरून गोल फिरतो, खाली दवाखाने आणि प्लॉटच्या जाहिराती. फाईल संपली की प्लेअरची काळी खिडकी सकाळपर्यंत तशीच. प्लेलिस्ट ‘रिपीट ऑल’वर ठेवली आणि संगणकाचा स्क्रीनसेव्हर बंद केला तर हे टळतं. याच चॅनलची खरी रात्र विसर्जनाची: पुण्याची मिरवणूक २४ तासांहून जास्त चालते आणि चौकातला स्थिर कॅमेरा ती जशी दाखवतो तशी मोठी वाहिनी दाखवू शकत नाही.

राहता राहिली दूरदर्शनची सह्याद्री. २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालेल्या मुंबई केंद्राच्या पदरी ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘आमची माती आमची माणसं’ अशी शिदोरी आहे, आणि ती पहाटे दोनला सलग, तारखेसह, आधी जाहीर करून लावली तर अनेक जण जागे राहतील. रात्रीचं थेट प्रक्षेपण कसं असावं हे या केंद्राकडूनच शिकावं. आषाढी एकादशीला पहाटे सव्वादोन-अडीचच्या सुमारास पंढरपुरात शासकीय महापूजा सुरू होते. गाभाऱ्यात मुख्यमंत्री सपत्नीक, शेजारी दर्शनरांगेतून निवडलेलं मानाचं वारकरी जोडपं, आणि विठ्ठलाच्या पायांवर पडणारं दूध. वृत्तवाहिन्याही हे दाखवतात, पण त्यांच्या पट्ट्या चित्राचा खालचा भाग खातात आणि नेमके पायच झाकले जातात. पायांचं दर्शन हवं असेल तर दोन वाजता सह्याद्री लावून ठेवा.