पाणथरी काढायची की राखायची?

पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, पाण्याची गाठ सापडते ती बहुधा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत. लहान असेल तर नुसती नजर ठेवतात. पाच सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा डाव्या बरगडीखाली दुखू लागली, की हा प्रश्न येतो.

अख्खी पाणथरी काढली की गाठीचा विषय संपला. पण रक्तातले जंतू गाळणारी चाळणीही गेली. मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब या जंतूंविरुद्धच्या लसी, जमल्यास ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी. आणि पुढे जन्मभर, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना.

राखायची तर दुर्बिणीतून गाठीचं छप्पर कापतात, किंवा गाठीपुरता भाग काढतात. पाणथरीला रक्त फांद्याफांद्यांनी येतं. एक फांदी बांधली की तेवढाच तुकडा काळवंडतो, कापायची रेघ आपोआप दिसते. साधारण पाव पाणथरी उरली तरी भागतं. छप्पर काढणं त्याहून सोपं, पण अस्तर मागे राहिलं की गाठ पुन्हा भरू शकते. रुग्ण लहान मूल असेल तर मी तुकडा काढण्याच्याच बाजूने. गाठ पार मुळाशी, रक्तवाहिन्यांना चिकटून असेल तर मात्र पाणथरी राखण्याचा हट्ट नको.

आणि हो, गाठ हायडॅटिडची, म्हणजे पट्टकृमीच्या अळीमुळे झालेली, नाही ना, हे आधी बघायचं. ती पोटात फुटली तर जिवावर बेतू शकतं.